विद्यापीठाने विद्यार्थी-साहाय्याचा पाच वर्षांचा आराखडा करताना सुरुवात कुठून करावी?

समुपदेशकाच्या पदापासून. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५ च्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. हजारो मुलांच्या विद्यापीठात एकावर भागणार नाही, म्हणून पदं आणि त्यांचा पगार आधी अर्थसंकल्पात घाला.

मग पैशाचा प्रश्न, आणि माझ्या मते हाच सगळ्यात दुर्लक्षित आहे. गावाकडून आलेल्या अनेक मुलांचा ताण मेसच्या थकलेल्या बिलातून आणि रखडलेल्या शिष्यवृत्तीतून येतो. तातडीचा मदतनिधी ठेवा, ‘कमवा व शिका’चं मानधन दरमहा वेळेवर द्या.

समुपदेशन संध्याकाळीही सुरू हवं. रात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तासांचा मोफत क्रमांक वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लावा, हे तर आजच करता येईल.