तांबडी माती आणि आम्लपाऊस

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात आमचे माड समुद्राकाठच्या पुळणीवर आणि हापूसची कलमे वर सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, आहेत. सड्यावरील मातीचा सामू (पीएच) तपासणीत ५.४ आला. हा आम्लपावसाचा परिणाम असेल का? घाटावरच्या काळ्या जमिनीपेक्षा आमची माती त्याने लवकर बिघडेल का? – एक बागायतदार

उत्तर : एवढ्या आकड्यावरून आम्लपावसाला दोष देता येणार नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळत असल्याने स्वच्छ पावसाचाही सामू ५.६ च्या आसपास असतो, आणि असे पाणी दर पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर याप्रमाणे युगानुयुगे झिरपत राहिल्याने जांभ्याच्या मातीतील चुना व मॅग्नेशियम बरेचसे धुऊन गेले, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे तेवढी मागे राहिली. कारखाने येण्याच्या कितीतरी आधीपासून ही माती आम्लधर्मी आहे. शिवाय अमोनियम सल्फेट आणि युरियाही जमिनीचा सामू उतरवतात, तेव्हा आभाळाकडे पाहण्याआधी खताच्या गोणीकडे पाहावे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मातीपाशी आम्ल जिरवण्याची शिल्लक किती, यावर अवलंबून आहे. घाटावरच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात आणि तिची चिकणमाती कॅल्शियम भरपूर धरून ठेवते. त्यामुळे तिथे आम्ल पडले तरी सामू सहजी हलत नाही. आपल्या तांबड्या मातीतील केओलिनाइट या चिकणखनिजाची ही धारणशक्ती फार थोडी असते. तरीही ती अगदीच हतबल नाही. आम्लपावसात गंधकाम्ल आणि नत्राम्ल असते; त्यातील गंधकाम्लाच्या सल्फेटला तिची लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे पकडून ठेवतात आणि आम्लीकरण काही काळ लांबते. नत्राम्लातील नायट्रेट मात्र ती फारसे अडवू शकत नाहीत. ते पाण्याबरोबर खाली उतरते आणि उरलेसुरले कॅल्शियमही सोबत नेते. सामू ५ च्या खाली गेला की विद्राव्य ॲल्युमिनियम वाढून मुळांची टोके खुरटू लागतात.

खरा धोका उथळपणाचा आहे. कातळावर सुरुंगाने खड्डे फोडून, बाहेरची माती भरून लावलेल्या कलमांच्या वाट्याला मोजकीच माती येते, आणि वरकस उतारांवरही थर पातळच असतो. माती थोडी, तर आम्ल जिरवण्याची शिल्लकही थोडी आणि ती लवकर संपते. स्कँडिनेव्हियातील ग्रॅनाइटच्या पातळ मातीत नेमके हेच घडले आणि तेथील तळ्यांतले मासे नाहीसे झाले. आपली पुळण मात्र रेताड असूनही, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असेल तर निर्धास्त असते, कारण तो चुराच चुना असतो.

तेव्हा सड्याचे आणि पुळणीचे नमुने वेगवेगळे तपासावेत, आणि सामूबरोबर विनिमयक्षम (मातीच्या कणांनी धरलेले, पिकाला मिळू शकणारे) कॅल्शियम व मॅग्नेशियमही पाहावे. ५.४ सामू आंब्याला थोडा कमी असला तरी घाबरण्याजोगा नाही. चुना द्यायचाच तर सड्यावर, तपासणीतून निघालेल्या मात्रेइतका द्यावा. शिंपल्यांच्या पुळणीत तो घालू नये, कारण तिथे आधीच लोह आणि जस्त पिकाला पुरेसे मिळत नाही.