मार्शल आर्ट्सचा खेळाडू ॲक्शन चित्रपटांत खलनायक कसा होतो? नायक का होत नाही?

मी कराटे शिकवतो आणि चित्रपटांतली मारामारी थांबवून-थांबवून पाहण्याची मला खोड आहे, म्हणून आपल्या प्रश्नाला उत्तर देण्याचे धाडस करतो. ही वाट ऑडिशनमधून क्वचितच जाते; बहुतेक वेळा ती शिकवण्यातून आणि मारामारी बसवण्यातून जाते. त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे इंडोनेशियाचे यायान रुहियान.

यायान यांचा जन्म 1968 साली पश्चिम जावातील तासिकमलाया येथे झाला. किशोरवयातच ते पेंचाक सिलाट ही इंडोनेशियाची पारंपरिक युद्धकला शिकू लागले, पुढे त्याच विद्येचे वस्ताद झाले आणि राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा पथकातील जवानांनाही त्यांनी प्रशिक्षण दिले. अभिनयाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. वेल्सचे दिग्दर्शक गॅरेथ एव्हान्स ‘मेरांताउ’ (2009) हा चित्रपट करत होते, तेव्हा यायान यांना मारामारी बसवण्यासाठी बोलावण्यात आले आणि त्यातूनच त्यांच्या वाट्याला एक भूमिका आली. पुढे ‘द रेड’ (2011) मध्ये ते ‘मॅड डॉग’ नावाचा खलनायक झाले आणि जगभरच्या प्रेक्षकांना ठाऊक झाले.

त्या चित्रपटातला एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. पोलीस अधिकारी जाका मॅड डॉगच्या पिस्तुलाच्या टप्प्यात सापडलेला असतो. गोळी झाडली की विषय संपला. पण हा किरकोळ अंगकाठीचा, लांब केसांचा माणूस त्याला खोलीत नेतो, पिस्तूल बाजूला ठेवतो आणि हातांनी लढतो. जाकाचे काम करणारे जो तस्लिम हे स्वतः इंडोनेशियाच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले ज्यूदोपटू, त्यामुळे आपटणे आणि पकड सोडवणे यांत खोटेपणा कुठे जाणवत नाही. धिप्पाड देहाची गरज न लागता भीती कशी निर्माण होते, हे मला तिथे कळले. (हाँगकाँगच्या बोलो यंग यांचे उदाहरण नेमके उलटे: ते शरीरसौष्ठवपटू, आणि त्यांना नुसते उभे केले तरी पुरे होई. 1973 च्या ‘एंटर द ड्रॅगन’मधील पात्राचे ‘बोलो’ हे नावच त्यांना पुढे कायमचे चिकटले.)

आता खलनायकच का, हा आपला मुख्य प्रश्न. पडद्यावरची मारामारी मारणाऱ्यापेक्षा मार खाणाऱ्यावर जास्त अवलंबून असते. ठोसा हनुवटीपासून चार बोटे दूरून जातो, आणि समोरच्याने मान नेमक्या क्षणी फिरवली तरच तो बसल्यासारखा वाटतो. मान आधी फिरली तर नाटक दिसते, उशिरा फिरली तर खरोखरच लागण्याची भीती. शिवाय लाथ मारताना नायकाला इजा होणार नाही एवढे अंतर राखायचे आणि तरीही चेहऱ्यावर जीव घेण्याचा आवेश ठेवायचा, हे ज्याला सांभाळता येते तो माणूस फाइट मास्टरला हवाच असतो. ‘द रेड’मधल्या मारामाऱ्या चित्रीकरणापूर्वी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर पूर्ण बसवून पाहिल्या गेल्या होत्या, आणि त्या बसवणाऱ्यांत नायक इको उवाइस यांच्यासह यायान स्वतः होते. स्वतःचा पराभव स्वतःच आखण्याची अशी संधी किती नटांना मिळत असेल?

नायकपदासाठी मात्र निर्मात्याला चेहरा, वय आणि बाजारातले नाव लागते. यायान पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आले तेव्हा चाळिशीत पोहोचले होते; त्या वयात नवा नायक कोण उभा करणार? तरीही खलनायकाच्या जागेला मी दुय्यम स्थान मानत नाही. मॅड डॉग पहिल्या भागातच मरतो, तरी 2014 च्या दुसऱ्या भागात यायान यांना वगळणे दिग्दर्शकाला जमले नाही आणि त्यांच्यासाठी प्राकोसो हे वेगळेच पात्र लिहिले गेले. पुढे 2019 मध्ये, वयाच्या पन्नाशीत, ते आणि त्यांचेच देशबंधू सेसेप आरिफ रहमान ‘जॉन विक’च्या तिसऱ्या भागात काचेच्या दालनात कियानू रीव्हज यांच्याशी भिडताना दिसले.