लिफ्ट केलेल्या ट्रकचे ब्रेक होज

प्रश्न: सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर) असलेल्या ट्रकला ४ इंचांचं लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग) बसवलं. चाक लोंबलं की पुढचे ब्रेक होज (ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या) ताणले जातात. होज चेसिसला धरणारं ब्रॅकेट खाली घ्यावं की लांब होज टाकावेत?

उत्तर: ऑफ-रोडसाठी लांब होजच टाका. लांबी लिफ्टच्या इंचांवरून ठरवू नका. चेसिस स्टँडवर घेऊन, शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावलेले ठेवून अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा आणि सर्वांत लांब अंतर दोरीने मोजा. त्यात दोनेक इंच सैल धरा. मग सस्पेन्शन बंप स्टॉपपर्यंत (ते वर जाण्याची हद्द ठरवणारा ठोकळा) दाबून बघा. सैल होज टायरला घासतो तो इथेच, आणि ही तपासणी बरेच जण गाळतात.

स्टीलची जाळी असलेला होज वायरिंगला किंवा दुसऱ्या पाइपला टेकला तर करवतीसारखा कापत जातो. रबर लावलेल्या क्लॅम्पने बांधा, एक्झॉस्टपासून लांब ठेवा, पीळ पडू देऊ नका. बँजो बोल्टला (होजचं टोक जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर हवेतच.

कडक पाइप बदलत असाल तर तांबे-निकेलचा घ्या, सहज वाकतो. ४५ अंशांचा डबल फ्लेअर (पाइपचं दुहेरी दुमडून पसरवलेलं तोंड) आणि ३७ अंशांचं फिटिंग जोडू नका, गळणारच. कॉम्प्रेशन फिटिंग (पाइपवर रिंग आवळून बसणारा जोड) ब्रेकमध्ये कधीही नको.

शेवटी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा, पेडल जोरात दाबून धरा, प्रत्येक सांधा कोरडा आहे का पाहा. एबीएसची वायर आणि अ‍ॅक्सलची ब्रीदर नळीही (आतली हवा बाहेर सोडणारी) तेव्हाच तपासा.