गव्हाशिवायचा फराळ: भेटीचा डबा भरण्याआधी

दिवाळी जवळ आली की या सदराकडे बेकिंगचे आणि फराळाचे प्रश्न येतात. यंदा त्यातले बरेचसे गहू न चालणाऱ्या माणसांसाठी काय करावं, काय पाठवावं, याविषयी आहेत. त्यांतले काही निवडून उत्तरं देत आहोत.

भाच्याला सीलिएक आजार असल्याचं निदान झालं आहे. बहिणीकडे दरवर्षी माझ्याकडून फराळाचा डबा जातो. चकली, बेसनलाडू, चिवडा, अनारसे यांत गहू नसतोच. मग नेहमीसारखंच करून पाठवलं तर चालेल ना? (नाशिक)

नाही. सीलिएकमध्ये गहू, जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनानं लहान आतड्याला इजा होते. तुमच्या साहित्याच्या यादीत गहू नाही, पण पिठात तो असणार. चकलीची भाजणी, बेसन, अनारशाचं तांदळाचं पीठ हे सगळं ज्या गिरणीत दळून येतं, त्याच जात्यावर दिवसभर गहू दळला जातो.

किती गहू म्हणजे जास्त? आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ‘ग्लूटेनमुक्त’ पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतं. गव्हाच्या एका दाण्याचं वजन साधारण ४० मिलिग्रॅम, त्यात ग्लूटेन तीन-चार मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर तांदळात गव्हाचे पाच-सहा दाणे राहिले की मर्यादा संपली. पिठाच्या हिशेबात बोलायचं तर किलोमागे पाव ग्रॅम कणीक, चिमूटभरसुद्धा नाही. गिरणीच्या जात्यात आणि पीठ पडणाऱ्या कापडी नळीत याच्या कितीतरी पट कणीक अडकून असते. ‘आधी किलोभर तांदूळ दळून घ्या, मग आमचं दळण टाका’ ही युक्ती पुष्कळजण करतात. त्यानं कणीक कमी होते, पण किती उरली ते कळत नाही.

म्हणून पीठ घरीच करा. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ ताटात पसरून दोनदा निवडा. मग धुऊन, पंख्याखाली स्वच्छ कापडावर वाळवून भाजा आणि मिक्सरच्या लहान भांड्यात थोडं थोडं दळा. एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका, भांडं तापतं आणि पीठ ओलसर होऊन गोळ्या धरतं. चाळणी नवी हवी. जुन्या पिठाच्या चाळणीच्या जाळीत कणीक बसलेली असते, ती कितीही धुतली तरी जात नाही. घरघंटी असेल आणि तिच्यावर गहू दळत असाल, तर तीही गिरणीसारखीच समजा. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवून ओलसर असतानाच दळायचा असतो, ते काम तसंही मिक्सरवर छान होतं.

लाकडी पोळपाट, लाटणं, काठवट आणि लाकडी सोऱ्या बाजूला ठेवा, लाकडाच्या भेगांत पीठ राहतं. स्टीलचा किंवा पितळेचा सोऱ्या सुटा करून, चकत्यांची भोकं जुन्या नव्हे तर नव्या टूथब्रशनं घासून घेतला की चालतो. तळणीचं तेल ताजं हवं. शंकरपाळे तळलेल्या तेलात चकली तळली तर सगळी मेहनत वाया. कामाचा क्रमही महत्त्वाचा: मैदा, कणीक चाळली की बारीक पीठ हवेत उडतं आणि हळूहळू ओट्यावर, भांड्यांवर बसतं. भाच्याचा फराळ आधी, शक्यतो एक दिवस आधी करून बंद डब्यात ठेवा, करंज्या-शंकरपाळे मग करा.

आता हिंग. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग बांधानी असतो, म्हणजे मूळ हिंगात गोंद आणि पीठ घालून केलेला, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबीवरची घटकांची यादी वाचा. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. यादी नसेल तर हिंग वगळा, चकलीत ओवा आणि जिरं थोडं वाढवलं की उणीव फारशी जाणवत नाही. हाच हिंग विकतच्या शेवेत असतो, त्यामुळे चिवड्यात तयार शेव नको. सुटं बेसन, सुटे मसाले, सुटं काहीच नको.

एक मात्र बहिणीला आधी विचारा: भाच्याला दूध, शेंगदाणे, काजू, तीळ यांपैकी काही वर्ज्य आहे का? आणि ‘मागच्या वेळी त्यानं खाल्लं, काही झालं नाही’ या वाक्यावर विसंबू नका. सीलिएकमध्ये पोट दुखलं नाही तरी लहान आतड्याच्या अस्तराची हानी होत राहू शकते.

खपली गहू पचायला हलका असतो, त्यात ग्लूटेन नसतं असं ऐकलं. खपलीच्या पिठाची बिस्किटं भेट देता येतील का? (सांगली)

खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. काहींना तो पचायला बरा वाटत असेल, पण सीलिएक किंवा गव्हाची ॲलर्जी असलेल्या कुणालाही तो देऊ नका. रवा, दलिया, शेवया, कुरडया हेही सगळे गव्हाचेच. कुरडईचा चीक धुऊन काढलेला असला तरी त्यात ग्लूटेन उरतं.

मैद्याशिवाय नानकटाई करून पाहिली. एकदा ती ट्रेमध्ये पसरून चपटी झाली, दुसऱ्यांदा उचलतानाच भुगा झाला. प्रमाण आणि कृती सांगाल का? (ठाणे)

नानकटाई हा गव्हाशिवाय उत्तम जमणारा बेकिंगचा पदार्थ आहे, कारण तिला ग्लूटेनची लवचीकता मुळातच नको असते, खुसखुशीतपणा हवा असतो. साधारण २४ नगांसाठी: बेसन १०० ग्रॅम, तांदळाचं बारीक पीठ ५० ग्रॅम, ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम, साजूक तूप ११५ ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, वेलची पूड अर्धा छोटा चमचा, चिमूट मीठ.

बेसन कोरडंच, मंद आचेवर ७-८ मिनिटं परतून घ्या. ही पायरी चुकवली तर भाजलेल्या नानकटाईलाही कच्च्या डाळीचा वास राहतो. परतलेलं बेसन पूर्ण गार झालं पाहिजे, कोमट बेसनानं तूप वितळतं आणि नानकटाई पसरते. पहिल्या वेळी तुमचं बहुधा हेच झालं, किंवा तूप पातळ होतं. तूप थिजलेलं, रवाळ, बोटानं दाबलं तर खळगा पडेल असं हवं. ते पिठीसाखरेबरोबर पाच मिनिटं फेसा, रंग पांढुरका झाला पाहिजे. पिठं, बेकिंग पावडर, मीठ, वेलची एकत्र चाळून त्यात घाला आणि बोटांच्या टोकांनी एकत्र आणा. दुधाचा हात लावू नका. गोळा जमत नसेल तर एक छोटा चमचा तूप घाला, त्याहून जास्त नको.

गोळा झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये. तेवढ्या वेळात तूप पुन्हा घट्ट होतं आणि पिठं तूप शोषतात. मग १७-१८ ग्रॅमचे गोळे करून किंचित दाबा आणि दोन बोटं अंतर ठेवून बटर पेपरवर मांडा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १६० अंशांवर १८ ते २२ मिनिटं. कडा फिकट सोनेरी झाल्या की बाहेर काढा. वरून रंग येण्याची वाट पाहाल तर तळ करपेल.

भुगा होण्याचं कारण वेगळं आहे. गरम नानकटाईला धरून ठेवणारं काही नसतं, ती थंड होताना तूप आणि साखर घट्ट होतात तेव्हाच ती आकार धरते. ट्रेमध्येच २० मिनिटं राहू द्या, हात लावू नका. पाठवायची असेल तर नग लहान ठेवा आणि चपट्या डब्यात एकावर एक दोनच थर लावा, मध्ये बटर पेपर. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे चांगली राहते.

बेकिंग पावडरच्या डबीवरही नजर टाका. तिच्यात मक्याचा स्टार्च असतो तसा कधी गव्हाचाही असतो.

ज्वारीच्या पिठाचा बिनअंड्याचा केक मध्ये खचतो आणि खाताना रवाळ लागतो. (पुणे)

मैद्याच्या केकमध्ये ग्लूटेनची जाळी वायूचे बुडबुडे धरून ठेवते. ज्वारीत ती नाही. स्टार्च भाजून घट्ट होण्याआधीच वायू निसटतो आणि मधला भाग बसतो. यावर बहुतेकजण बेकिंग पावडर वाढवतात, त्यानं केक आधी जास्त फुगतो आणि नंतर जास्त खचतो.

जाळीचं काम थोडंफार इसबगोल करतं. सात इंची टिनसाठी तांदळाचं बारीक पीठ १०० ग्रॅम, ज्वारीचं ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, दही २०० ग्रॅम, तेल ८० मिलिलिटर, दूध ६० ते ८० मिलिलिटर, इसबगोलची भुशी मिक्सरमध्ये पूड करून एक छोटा चमचा, व्हॅनिला. हे सगळं एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. रवाळपणा जातो तो याच अर्ध्या तासात, कारण तांदूळ आणि ज्वारी पाणी हळू पितात. मिश्रण इडलीच्या पिठाएवढं असावं, घट्ट झालं तर चमचा-दोन चमचे दूध. ओव्हन १७० अंशांवर तापला की शेवटी बेकिंग पावडर दीड छोटा चमचा आणि खायचा सोडा पाव छोटा चमचा चाळून घाला, ढवळा आणि लगेच टिनमध्ये ओता. ४० ते ४५ मिनिटं भाजा, पहिली ३० मिनिटं दार उघडू नका. सळई कोरडी निघाल्यावरही आणखी तीन-चार मिनिटं ठेवलेली बरी.

दहा मिनिटांनी टिनमधून काढून जाळीवर ठेवा आणि दोन तास कापू नका. गरम असताना कापलेला असा केक आत गिच्च लागतो आणि कच्चा राहिला असं वाटतं, प्रत्यक्षात स्टार्च अजून बसलेला नसतो. दुसऱ्या दिवशी मात्र तो कोरडा पडू लागतो. म्हणून भेटीसाठी केक त्याच दिवशी पोचणार असेल तरच निवडा, नाहीतर नानकटाई द्या.

गव्हाशिवायची करंजी कशी करावी? (बेळगाव)

करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तांदळाच्या उकडीची पारी तळताना फुटते आणि फुटली नाही तर वातड होते. गव्हाची नक्कल करण्यापेक्षा मुळातच गव्हाशिवायचं ते द्या: खोबऱ्याची वडी, राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की. सारणाचीच आवड असेल तर त्यात थोडा खवा घालून लाडू वळा, मात्र असे लाडू फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. डिंकाचे आणि मेथीचे लाडू करताना कणीक घालायची सवय असते तेवढी सोडा.

घरून फराळाचे भेटडबे विकते. झाकणावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहू का? (कोल्हापूर)

प्रयोगशाळेत तपासून घेतलं नसेल तर लिहू नका, तो शब्द किलोमागे २० मिलिग्रॅमच्या मर्यादेला बांधलेला आहे. खरं तेवढंच लिहा: ‘बेसन, तूप, साखर, वेलची, काजू. यात गहू वापरलेला नाही. याच स्वयंपाकघरात गव्हाचे पदार्थ होतात.’ खाली केल्याची आणि संपवायची तारीख. दूध, शेंगदाणे, काजू-बदाम, सोया हे घटक ठळक अक्षरात. एकाच डब्यात शंकरपाळे आणि बेसनलाडू वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून ‘लाडू गव्हाशिवायचे’ असं सांगण्यात अर्थ नाही, वाटेत चुरा सगळीकडे जातो. त्यांचा डबाच वेगळा हवा.

सुनेनं महिनाभर गहू सोडला आणि तिला बरं वाटतंय. आता तपासणी करावी का? (इंदूर)

डॉक्टरांना गहू बंद असल्याचं आधी सांगा. सीलिएकची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच विश्वासार्ह ठरते, बंद केल्यावर ती खोटी नकारात्मक येऊ शकते.

उपवासाची पिठं निर्धास्त वापरता येतील? सातूचं पीठ? (सातारा)

राजगिरा, शिंगाडा, वरी, साबुदाणा आणि कुट्टू यांत ग्लूटेन नाही, पण पाकीटबंद आणि वेष्टनावर ‘ग्लूटेनमुक्त’ छापलेलंच घ्या, गिरणीचा प्रश्न इथेही आहेच. सातू मात्र नको. सातू म्हणजे जव, त्यात ग्लूटेन असतं, आणि आपल्याकडच्या सातूच्या पिठात डाळ्यांबरोबर भाजलेले गहूही सर्रास घालतात.