वाचकांचे प्रश्न : शेपटीवरचे कापड

प्रश्न : आम्ही दोघे मित्र अमेरिकेत ओहायो राज्यात १९४६ सालचे पायपर जे-३ कब विमान दुरुस्त करीत आहोत. एलिव्हेटरच्या (विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या, शेपटीवरील आडव्या हलत्या भागाच्या) सांगाड्यावर पॉलिएस्टरचे कापड चिकटवून इस्त्रीने ताणले, तेव्हापासून तो सपाट टेबलावर ठेवला की त्याचा एक कोपरा बोटभर उचललेला राहतो. आता काय करावे? गोंद घट्ट बसला आहे, तरी बरगड्यांवर (सांगाड्याच्या आडव्या पट्ट्यांवर) टाके घालायलाच हवेत का? — एक वाचक

उत्तर : कापड काढा. एवढी मेहनत वाया जाताना वाईट वाटेल, परंतु पिळलेला एलिव्हेटर विमानावर चढवू नये. १९४६ साली या विमानावर सुती कापड असे व ते डोप (वाळताना कापड आवळणारा लाखेसारखा द्रव) लावून ताणले जाई. पॉलिएस्टर मात्र उष्णतेने आटते, १२१ अंश सेल्सिअसला सुमारे ५ टक्के आणि १७७ अंशांना सुमारे १० टक्के. शेपटीच्या कडेची नळी बारीक असते, त्यामुळे एक बाजू पूर्ण ताणून मग दुसरी हाती घेतली की नळी पहिल्या बाजूकडे ओढली जाते, आणि दुसरी बाजू नंतर कितीही ताणली तरी ती सरळ होईलच असे नाही. म्हणून दोन्ही बाजू आधी १२१ अंशांना, मग उलटून पुन्हा दोन्ही त्यापुढच्या तापमानाला, अशा पायऱ्यापायऱ्यांनी घ्याव्यात व प्रत्येक वेळी सांगाडा टेबलावर ठेवून पाहावा. इस्त्रीच्या चकतीवरील आकड्यांवर विसंबू नका, आणि चकचकीत तळावर रोखलेला बिनस्पर्शाचा तापमापकही कमीच आकडा दाखवतो. तळाला टेकवून मोजणारा तापमापक वापरा, कारण सुमारे १९० अंशांपुढे हेच कापड सैल पडू लागते. कापड निघाल्यावर नळ्या आतून गंजल्या आहेत का, हेही तपासून घ्या. गंजलेली नळी थोड्याशा ताणानेही वाकते.

टाके घालायलाच हवेत. गोंद कापडाला कडेशी धरून ठेवतो, पण उडताना हवेच्या शोषणाने कापड मधल्या बरगड्यांवरून फुगून उचलले जाते, आणि एकदा सुटू लागलेली कड सोलत जाते. टाका वरच्या व खालच्या दोन्ही कापडांना बरगडीशी एकत्र बांधतो. कापडावर लेपाचा पहिला हात दिल्यानंतर बरगडीवर मजबुतीची पट्टी लावावी, तिच्यावरून मेण लावलेल्या दोऱ्याने प्रत्येक टाका स्वतंत्र गाठीने बंद करावा, आणि त्यावर दातेरी कडांची पट्टी चिकटवावी. टाक्यांमधील अंतर मूळ विमानावर होते तेवढेच ठेवा, वाढवू नका. कापड, गोंद, रंग हे सारे एकाच मंजूर पद्धतीतले असावेत व काम परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली नोंदले जावे.

रंगाबाबत एक आग्रह आहे. उन्हापासून वाचवणारे ॲल्युमिनियमयुक्त थर पुरेसे द्या, पण त्यावर शोभेसाठी हात चढवत बसू नका. एलिव्हेटर आणि रडर (विमान डावीउजवीकडे वळवणारा शेपटीचा उभा हलता भाग) यांच्या बिजागरीमागे वाढलेले वजन फडफडीला, म्हणजे उडताना आपोआप वाढत जाणाऱ्या कंपनाला, निमंत्रण देते, व अशी फडफड काही क्षणांत शेपटी मोडू शकते. कापडाच्या आत साचलेले पाणीही तेच करते, म्हणून विमान जमिनीवर शेपटी टेकवून उभे असताना प्रत्येक पृष्ठाचा जो भाग सर्वांत खाली येतो, तेथे निचऱ्याचे भोक ठेवा आणि ते रंगाने बुजलेले नाही याची दर तपासणीत खात्री करा.