अँटेनाचा 'लाभ' नेमका कशापेक्षा?

प्रश्न असा आहे: अँटेनाच्या 'गेन'ला मराठीत 'वाढ' म्हणावं की 'लाभ'? आणि एकाच अँटेनाचा गेन कुठे ६ डीबीडी, तर कुठे ८.१५ डीबीआय दिलेला असतो, त्यातला खरा कोणता?

आकडे दोन्ही खरे, आणि शब्द म्हणाल तर मी 'लाभ'च्या बाजूचा. 'वाढ' म्हटलं की शक्ती वाढली असं वाटतं, आणि अँटेना तर ती तसूभरही वाढवत नाही. (ते काम ॲम्प्लिफायरचं; त्याच्या गेनला 'वर्धन' शोभतं.) फुगा मधोमध दाबून पाहा. दाबलेल्या जागी तो आत जातो, टोकांकडे पुढे येतो. हवा मात्र तेवढीच. अँटेनाही मिळालेली शक्ती एकीकडची काढून दुसरीकडे देतो.

पण 'लाभ' हा शब्द एकटा पुरत नाही. कशापेक्षा लाभ, हे सांगावंच लागतं, कारण डेसिबेल (डीबी) म्हणजे नुसतं गुणोत्तर: ३ डीबी जवळपास दुप्पट, १० डीबी दसपट. तुलना कशाशी, ते एककाच्या शेवटच्या अक्षरात असतं. 'आय' म्हणजे आयसोट्रॉपिक, सर्व दिशांना सारखंच प्रारण करणारा काल्पनिक बिंदू. मी त्याला 'समदिक' म्हणतो. 'डी' म्हणजे अर्धतरंग डायपोल, अर्ध्या तरंगलांबीएवढा साधा अँटेना. या डायपोललाच समदिकापेक्षा २.१५ डीबी, म्हणजे १.६४ पट लाभ असतो. म्हणून डीबीडीत २.१५ मिळवले की डीबीआय. नुसतं '६ डीबी' लिहिलेलं दिसलं, तर ते वाक्य अर्धवट आहे असंच समजा.

हीच गोष्ट शक्तीच्या हिशेबात उतरते. प्रेषकातून ५० वॅट निघाले, केबलमध्ये ३ डीबी गेले, अँटेनापाशी उरले २५. आपला ६ डीबीडीचा अँटेना त्यांचे मुख्य दिशेत चौपट करून दाखवतो: ईआरपी (इफेक्टिव्ह रेडिएटेड पॉवर, म्हणजे त्या दिशेला तेवढंच प्रारण मिळवायला डायपोलला द्यावी लागली असती ती शक्ती) १०० वॅट. तेच समदिकाच्या मापाने मोजलं तर ईआयआरपी (यातला जादाचा 'आय' आयसोट्रॉपिकचा) सुमारे १६४ वॅट. यंत्रणा तीच, अँटेनातून निघालेली शक्तीही तीच.

या दोन संज्ञांसाठी 'प्रभावी प्रारित शक्ती'सारखे शब्द मला पटत नाहीत. 'प्रभावी' वाचून शक्ती जोरदार आहे एवढंच कळतं. मी 'डायपोलतुल्य शक्ती' आणि 'समदिकतुल्य शक्ती' असं लिहितो. कशाशी तोलली, ते शब्दातच येतं.