बेळगावात बारा कधी वाजतात?

प्रश्न : लग्नात अक्षतांच्या वेळी भटजींचं घड्याळ, मोबाइल आणि टीव्ही यांचं जुळत नाही. मोबाइलमध्ये बारा वाजतात तेव्हा ऊनही डोक्यावर आलेलं नसतं. खरी वेळ कोणती?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : मोबाइल बरोबर आहे आणि ऊनही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची. बेळगाव सुमारे 74.5 अंशांवर. अंशाला 4 मिनिटं धरली की आपलं माध्यान्ह सरासरी 12:32ला येतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते 12:16पर्यंत अलीकडे येतं, फेब्रुवारीच्या मध्याला 12:46पर्यंत लांबतं.

अंगणात पाहा. हातभर काठी ओळंबा लावून उभी करा. अकराला सावलीच्या टोकावर खूण करा आणि काठीच्या बुडाशी दोरी धरून त्या खुणेतून वर्तुळ काढा. दुपारी टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल ती वेळ टिपा. दोन्ही वेळांच्या बरोबर मध्ये तुमचं माध्यान्ह. नुसती सर्वांत आखूड सावली शोधू नका. त्या सुमाराला सावलीची लांबी फारशी बदलत नाही, त्यामुळे पाच-दहा मिनिटं सहज चुकतात.

ऊन आणि घड्याळ यांची फारकत केली ती तारेनं, म्हणजे टेलिग्राफनं. त्याआधी पाण्यावर ठेवलेलं, बुडाला भोक असलेलं घटिकापात्र 24 मिनिटांनी बुडायचं आणि टोल पडायचा. तो ऐकू जाईल तेवढ्याच वस्तीची ती वेळ. तारेमुळे मद्रासच्या वेधशाळेची वेळ दूरदूरच्या स्टेशनांवर पोचली, रेल्वे तिच्यावर चालू लागली. ती बेळगावच्या उन्हाच्या 23 मिनिटं पुढे, तर मुंबईची वेळ 7 मिनिटं मागे! 1 जानेवारी 1906 पासून प्रमाणवेळ आली, तरी मुंबईनं आपली वेळ पुढेही बरीच वर्षं सोडली नाही.

टीव्हीवर मुहूर्त साधू नका. डिजिटल प्रक्षेपणात चित्र आवळून पाठवतात, ते उलगडेपर्यंत काही सेकंद जातात. मोबाइलमध्ये ‘स्वयंचलित वेळ’ चालू ठेवा आणि भटजींचं घड्याळ त्याच्याशी लावून घ्या. पंचांग मुंबईचं असेल तर तिथी संपण्याची वेळ तीच राहते. सूर्योदय, राहुकाळ आणि लग्नराशी (त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास) मात्र बेळगावसाठी काढून घ्याव्या लागतात.

प्रश्न : जुनी दानपत्रं तांब्यावरच का?
– एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : कॅनडाचे अभ्यासक हॅरॉल्ड इनिस यांनी माध्यमांचे दोन कल सांगितले : दगड-माती काळ ओलांडते, कागद अंतर ओलांडतो. दान ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत चालावं, पुढच्या राजानंही ते मानावं, म्हणून दगडासारखंच टिकणारं तांबं. खानापूर तालुक्यातल्या हलशीला कदंब राजांचे असे ताम्रपट सापडले आहेत. पत्रे एका कडीत ओवून त्यावर मुद्रा ठोकत, म्हणजे मधला पत्रा कुणाला बदलता येऊ नये.